‘फंडामेंटल’ आणि ‘मूलभूत’ : एका विशेषणाच्या अर्थाचा व उपयोजनाचा विचार

मराठीतील समीक्षा, तत्त्वचर्चा, कायद्याचे अनुवाद आणि विद्यापीठीय प्रबंध यांत ‘मूलभूत’ हे विशेषण सर्रास आढळते. हा शब्द संस्कृत घडणीचा आहे. तथापि आधुनिक मराठीत त्याला जी व्याप्ती प्राप्त झाली आहे, ती बव्हंशी इंग्रजीतील ‘फंडामेंटल’ या विशेषणाच्या अनुरोधाने ठरली आहे. मूलभूत हक्क, मूलभूत संशोधन, मूलभूत प्रमेय, मूलभूत तत्त्वे हे शब्दप्रयोग त्याची साक्ष देतात. परंतु याच एका शब्दाकडे इंग्रजीतील ‘बेसिक’, ‘एलिमेंटरी’, ‘एसेन्शियल’ यांचेही काम सोपविले गेले आहे. ‘राज्यघटनेतील मूलभूत हक्कांत संसदेला दुरुस्ती करता येते, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीत बदल करता येत नाही,’ हे विधान कायद्याच्या दृष्टीने योग्य असले तरी मराठी वाचकाला ते स्वविरोधी वाटते. पहिला ‘मूलभूत’ आणि दुसरा ‘मूलभूत’ हे दोन भिन्न इंग्रजी शब्दांचे पर्याय आहेत, हे त्यास कळण्यास मार्ग नसतो. अशा संदिग्धतेचे मूळ कोठे आहे आणि साहित्यविचारात तिचे कोणते परिणाम संभवतात, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. व्युत्पत्ती आणि तिच्यातील प्रतिमा

‘फंडामेंटल’ हा शब्द लॅटिनमधील ‘फुंडामेंटुम’ म्हणजे पाया या नामापासून सिद्ध झाला आहे. हे नाम ‘फुंडारे’ म्हणजे पाया घालणे या क्रियापदावरून आले असून त्याच्या मुळाशी ‘फुंडुस’ म्हणजे तळ हा शब्द आहे. इंग्रजीत हे विशेषण पंधराव्या शतकापासून आढळते. लॅटिन ‘फुंडुस’, इंग्रजी ‘बॉटम’ आणि संस्कृत ‘बुध्न’ हे शब्द एकाच आद्य भारतयुरोपीय धातुकुलातील मानले जातात. वैदिक देवतांपैकी ‘अहिर्बुध्न्य’ या नावात हाच ‘बुध्न’ तळ, खोल स्थान या अर्थाने उपस्थित आहे.

इंग्रजी विशेषणाच्या तळाशी इमारतीची प्रतिमा आहे. जे सर्वांत खाली असते आणि ज्यावर वरील सर्व रचना उभी असते, ते ‘फंडामेंटल’. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या रूपकविषयक ग्रंथात सिद्धांतांविषयीची इंग्रजी भाषा इमारतीच्या रूपकाने कशी घडलेली आहे हे दाखविले आहे. सिद्धांताला पाया असतो, तो भक्कम किंवा डळमळीत असतो, त्याला आधार द्यावा लागतो आणि तो कोसळतोही. ‘फंडामेंटल’ हे विशेषण याच रूपकव्यूहाचा घटक आहे.

‘मूलभूत’ या शब्दातील प्रतिमा निराळी आहे. ‘मूल’ म्हणजे वृक्षाचे मूळ. ‘मूलभूत’ म्हणजे मूळरूप असलेले. पाया मनुष्य घालतो, मूळ आपोआप वाढते. पाया भार वाहतो; मूळ भार पेलते आणि पोषणही करते. पाया इमारतीचा भाग असला तरी इमारत पायातून ‘उगवत’ नाही. झाड मात्र मुळातून उगवते. म्हणून ‘मूळ’ या शब्दात आधाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उगमाची आणि कारणाची कल्पना आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातील आणि त्यावरील ज्ञानेश्वरांच्या विस्तृत निरूपणातील अश्वत्थ ‘ऊर्ध्वमूल’ आहे. मूळ वर असू शकते, कारण तेथे त्याचा अर्थ उगम असा आहे. पाया वर असणे ही कल्पनाच संभवत नाही.

हा भेद पौर्वात्य आणि पाश्चात्य अशा ढोबळ विभागणीत बसविण्याचे मात्र कारण नाही. देकार्तने १६४१ सालच्या चिंतनग्रंथात ज्ञानाची इमारत पायापासून पुन्हा उभारण्याची भाषा वापरली आणि त्याच देकार्तने १६४७ सालच्या फ्रेंच आवृत्तीच्या प्रस्तावनेत तत्त्वज्ञानाला वृक्षाची उपमा देऊन सत्ताशास्त्राला त्याची मुळे, पदार्थविज्ञानाला खोड आणि इतर शास्त्रांना फांद्या म्हटले. एकाच विचारवंताला दोन्ही प्रतिमांची गरज भासली, यावरून त्या परस्परांची जागा सहजी घेऊ शकत नाहीत हे स्पष्ट होते.

इंग्रजीत मुळाची प्रतिमा असलेले विशेषण स्वतंत्र आहे. ‘रॅडिकल’ हा शब्द लॅटिनमधील ‘राडिक्स’ म्हणजे मूळ यापासून आला असून मराठीत त्यासाठी ‘मूलगामी’ हा समर्पक शब्द योजला जातो. इंग्रजीत पाया आणि मूळ यांच्यासाठी दोन शब्द आहेत. मराठीत मात्र ‘मूलभूत’ व ‘मूलगामी’ हे दोन्ही पर्याय एकाच ‘मूल’ शब्दापासून घेतलेले आहेत.

२. विरोधी पदांवरून अर्थनिश्चिती

एखाद्या विशेषणाचा अर्थ त्याच्या समानार्थी शब्दांपेक्षा त्याच्या विरोधी पदांवरून अधिक नेमका कळतो. ‘फंडामेंटल’ला सर्वत्र लागू पडेल असा एकच विरोधी शब्द नाही, क्षेत्रागणिक तो बदलतो.

संशोधनाच्या क्षेत्रात त्याचे विरोधी पद ‘उपयोजित’ हे आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नावातील ‘मूलभूत’चा अर्थ या विरोधातून उलगडतो. तात्कालिक उपयोगाचा हेतू न ठेवता निसर्गनियमांचा शोध घेणारे संशोधन असा तो आहे. तेथे ‘महत्त्वाचे’ हा अर्थ अभिप्रेत नाही. उपयोजित संशोधनही तितकेच महत्त्वाचे असू शकते. प्रशासनात विरोधी पद ‘पूरक’ हे आहे. १९२२ साली अमलात आलेल्या शासकीय सेवाविषयक ‘फंडामेंटल रूल्स’ना पूरक नियमांची जोड आहे, त्यांचा अर्थ त्यांच्या आधारे लावावयाचा असतो. ध्वनिशास्त्रात विरोध आहे तो अधिस्वरांशी. कंप पावणाऱ्या तारेतून एकाच वेळी अनेक वारंवारता निर्माण होतात; त्यांतील सर्वांत कमी वारंवारतेला ‘फंडामेंटल’ म्हणतात आणि आदर्श तारेच्या बाबतीत इतर सर्व तिच्या पूर्णांकी पटीत असतात. येथे तळ आणि आधार हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. सर्वसामान्य वैचारिक गद्यात विरोध ‘वरवरचा’ किंवा ‘आनुषंगिक’ यांच्याशी असतो.

गणितातील उपयोजन वेगळ्या प्रकारचे आहे. एकाहून मोठी प्रत्येक पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम सोडल्यास, एकाच प्रकारे मांडता येते, या प्रमेयाला अंकगणिताचे मूलभूत प्रमेय म्हणतात. तेथे संख्यांची रचनाच या प्रमेयावर आधारलेली असल्याने विशेषण सार्थ आहे. गाउसने १७९९ साली ज्याची सिद्धता मांडली त्या बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. आजचे अमूर्त बीजगणित त्या प्रमेयावर उभे नाही. समीकरणे सोडविणे हेच जेव्हा बीजगणिताचे प्रमुख कार्य होते, त्या काळाने दिलेली ती उपाधी आहे. म्हणजेच हे विशेषण कधी वर्तमान आधारसंबंध सांगते, तर कधी पूर्वीचा मान केवळ नावात जतन करते. पारिभाषिक संज्ञेत ते दिसल्यास यांपैकी काय आहे, हे तपासून घ्यावे लागते.

या सर्व उदाहरणांतून एक समान सूत्र निघते. ‘फंडामेंटल’ हे संबंधवाचक विशेषण आहे. ‘अ’ फंडामेंटल आहे असे म्हणण्यात ‘ब’ आणि ‘क’ त्यावर अवलंबून आहेत आणि ‘अ’ त्यांवर तसा अवलंबून नाही, असा दावा असतो. इंग्रजीत हा संबंध व्याकरणातही उतरतो. या विशेषणानंतर ‘टू’ हे अव्यय येऊन कशाचा पाया ते सांगितले जाते. मराठीत ‘लोकशाहीला मूलभूत’ अशी रचना रुळलेली नाही. ‘लोकशाहीच्या मुळाशी असलेले’, ‘लोकशाहीला आधारभूत’ किंवा ‘लोकशाहीचे अधिष्ठान’ अशी रचना करावी लागते. अनुवादक ती टाळून केवळ ‘मूलभूत’ लिहितो, तेव्हा अवलंबनाचा संबंध गळून पडतो आणि ‘फार महत्त्वाचे’ एवढाच अर्थ शिल्लक राहतो. मराठीत या विशेषणाची जी झीज झालेली दिसते, तिचे एक कारण या व्याकरणिक फरकात आहे.

३. मराठीतील ‘मूळ’ आणि त्याचा परिवार

‘मूळ’ या शब्दाने मराठी भाषेत विलक्षण खोल शिरकाव केला आहे. ‘पावसामुळे’, ‘त्यामुळे’ यांतील कारणवाचक ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’पासूनच आलेले आहे. कारण सांगण्याची मराठीची एक सर्वांत साधी रीत अशा प्रकारे मुळाच्या प्रतिमेवर आधारलेली आहे. ‘मुळीच नाही’ यात निषेध मुळापर्यंत नेला जातो. ‘मूळ गाव’, ‘मूळ प्रत’, ‘मूळ लेखक’ यांत आद्यत्वाचा अर्थ आहे. ‘मूळ वेतन’ यात भत्त्यांहून वेगळा असा गाभा अभिप्रेत आहे. ‘मुळात’ या क्रियाविशेषणाचे तर दोन अर्थ होतात. ‘ही भूमिका मुळात चुकीची आहे’ यात ते तात्त्विक पातळी दाखविते. ‘मुळात तो आलाच नव्हता’ यात ते केवळ घटनाक्रमातील पहिली गोष्ट दाखविते.

‘मौलिक’ हा याच कुळातील शब्द. ‘मौलिक संशोधन’ यात तो ‘स्वतंत्र, इतर कोणाचे न घेतलेले’ या अर्थी येतो. पण मराठी भाषकाच्या कानाला तो ‘मोल’ आणि ‘मौल्यवान’ यांच्या जवळचा वाटतो. परिणामी ‘मौलिक विचार’, ‘मौलिक मार्गदर्शन’ यांत त्याचा अर्थ ‘मोलाचे’ असा होऊन बसला आहे. हिंदीत ‘मौलिक अधिकार’ हा प्रयोग प्रचलित असला तरी मराठीत ‘मौलिक हक्क’ म्हटल्यास ‘मोलाचे हक्क’ असा भास होण्याचा संभव आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठाने ‘मूलभूत हक्क’ हा पर्याय स्वीकारला, तो या दृष्टीने सोयीचा ठरला आहे.

पायाची प्रतिमा मराठीला परकी नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘पाया पक्का असणे’, ‘पायाशुद्ध अध्ययन’, ‘पायाभूत सुविधा’, ‘पायाभूत अभ्यासक्रम’ हे प्रयोग रूढ आहेत. ‘पायाभूत’ या शब्दात ‘पाया’ या मराठी नामाला संस्कृत ‘भूत’ जोडलेले असल्याने शुद्धतावाद्यांना तो संकरित वाटेल. परंतु ‘फंडामेंटल’मधील प्रतिमा त्याच्याइतकी नेमकेपणाने दुसऱ्या कोणत्याही मराठी शब्दात उतरत नाही. महाविद्यालयीन बोलीत याच इंग्रजी शब्दाचे ‘फंडा’ असे लघुरूप झाले. ‘फंडे पक्के असणे’ यात पायाचा अर्थ टिकून आहे; ‘यशाचा फंडा’ यात मात्र तो ‘युक्ती’पर्यंत घसरला आहे.

४. राज्यघटनेतील उपयोजन

शब्दाच्या अर्थावर नागरिकांचे हक्क अवलंबून असतात, अशा क्षेत्रात या विशेषणाची परीक्षा सर्वांत कठोर झाली आहे. १९२८ चा मोतीलाल नेहरू समितीचा अहवाल आणि १९३१ चा काँग्रेसचा कराची ठराव यांतून मूलभूत हक्कांची कल्पना भारतीय राजकारणात रुजली. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकात ‘फंडामेंटल’ हे विशेषण आहे. तेथे त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की या हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो आणि हक्कभंग झाल्यास नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. अशी दाद मागण्याची तरतूद करणाऱ्या अनुच्छेदाला डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हणून संबोधिले. येथे त्यांनी पायाची किंवा मुळाची प्रतिमा वापरली नाही; चैतन्याची वापरली. हा अनुच्छेद काढला तर इतर हक्क कागदावर राहतील, पण निर्जीव होतील, असा त्या प्रतिमेचा आशय आहे.

तेच विशेषण चौथ्या भागातील ३७ व्या अनुच्छेदातही येते. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, तरीही ती देशाच्या कारभारात ‘फंडामेंटल’ आहेत, असे तो अनुच्छेद सांगतो. एकाच संहितेत हे विशेषण एकदा न्यायालयीन संरक्षणासह आणि एकदा त्याविना आले आहे. या दोन अर्थांतील ताण पुढील न्यायनिर्णयांतून प्रकट झाला. १९५१ च्या चंपकम दोरायराजन प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वांना मूलभूत हक्कांच्या तुलनेत दुय्यम स्थान दिले गेले. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स प्रकरणात दोहोंमधील समतोल हाच घटनेच्या चौकटीचा भाग असल्याचे सांगण्यात आले.

हे हक्क घटनादुरुस्तीच्या पलीकडचे आहेत काय, हा प्रश्नही विशेषणाच्या अर्थाशी निगडित होता. १९६७ च्या गोलकनाथ निर्णयाने त्यांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाकारला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निराळी भूमिका घेतली. मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येते, मात्र घटनेची ‘बेसिक’ संरचना नष्ट करता येत नाही, असा तिचा सारांश. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क तिसऱ्या भागातून वगळला. तो घटनात्मक हक्क म्हणून राहिला, ‘मूलभूत’ राहिला नाही. दैनंदिन इंग्रजीत जवळजवळ समानार्थी असलेल्या ‘फंडामेंटल’ आणि ‘बेसिक’ या दोन विशेषणांत भारतीय कायद्याने अशा रीतीने एक निर्णायक भेद निर्माण केला आहे. पहिले विशेषण संरक्षणाचा विशिष्ट दर्जा सांगते, दुसरे अपरिवर्तनीयतेची मर्यादा सांगते. मराठीत दोहोंसाठी ‘मूलभूत’ वापरल्याने हा भेद लोपतो. ‘मूलभूत हक्क’ ही घटनेच्या मराठी पाठातील संज्ञा कायम ठेवून दुसऱ्या संकल्पनेसाठी ‘पायाभूत संरचना’ किंवा ‘पायाभूत चौकट’ हा पर्याय सातत्याने योजणे हा यावरील साधा उपाय आहे. जी हलविल्यास घटनेची इमारत कोसळेल ती चौकट, या कल्पनेला पायाची प्रतिमा अधिक अनुरूपही आहे.

५. ‘मूलतत्त्ववाद’ : अनुवादाने निर्माण केलेला प्रश्न

१९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘द फंडामेंटल्स’ या नावाने प्रॉटेस्टंट धर्मनिष्ठांची निबंधमाला प्रसिद्ध झाली. बायबलच्या चिकित्सक अभ्यासाला आणि उदारमतवादी धर्मविचाराला विरोध हा तिचा रोख होता. १९२० साली कर्टिस ली लॉज या संपादकाने अशा भूमिकेच्या अनुयायांसाठी ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द योजला. तो प्रथम अभिमानाने स्वीकारलेला शब्द होता. पुढे त्याला निंदाव्यंजक छटा आली आणि १९७९ च्या इराणमधील क्रांतीनंतर तो इतर धर्मांतील चळवळींसाठीही सर्रास वापरला जाऊ लागला.

मराठीतील ‘मूलतत्त्ववाद’ हा पर्याय शब्दशः अचूक आहे. पण त्यात एक गृहीतक मुकाट्याने स्वीकारले जाते. संबंधित गटाने निवडलेली तत्त्वे हीच त्या धर्माची मूळ तत्त्वे आहेत, असे हा शब्द सुचवितो. वस्तुतः वाद असतो तो नेमक्या याच मुद्द्यावर. धर्मसुधारकही मूळ तत्त्वांकडे परतण्याचीच भाषा करतात. मराठीत ‘मूळ’ म्हणजे उगम व अस्सलपणा असल्याने ही गफलत अधिक गडद होते. ‘धर्मांधता’ वा ‘कट्टरता’ हे शब्द वृत्ती दाखवितात, संहितेविषयीची विशिष्ट भूमिका दाखवीत नाहीत. म्हणून ते नेमके पर्याय ठरत नाहीत. ‘मूलतत्त्ववाद’ हीच संज्ञा वापरावयाची असल्यास तत्त्वांची निवड कोणी व कोणत्या प्रसंगी केली, हे लेखकाने सांगणे अगत्याचे ठरते.

६. साहित्यविचारातील उपयोजन

संस्कृत काव्यशास्त्राने काव्यातील सर्वाधिक महत्त्वाच्या तत्त्वाची चर्चा पाया किंवा मूळ या प्रतिमांच्या आधारे प्रामुख्याने केलेली नाही. वामनाने रीतीला आणि आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा मानले. कुंतकाने वक्रोक्तीला आणि क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. शब्दार्थ हे शरीर, अलंकार हे आभूषण आणि अमुक तत्त्व हा आत्मा, असा हा देहरूपकाचा व्यूह आहे. आधुनिक मराठी समीक्षेत ‘काव्याची मूलभूत तत्त्वे’ अशी भाषा आली, तेव्हा प्रतिमा बदलली आणि तिच्यासोबत प्रश्नही बदलला.

या तीन प्रतिमांपैकी प्रत्येकीची कसोटी वेगळी आहे. पायाची कसोटी अशी : हे तत्त्व काढून घेतल्यास रचना उभी राहते काय? मुळाची कसोटी अशी : रचना यातून उगवली आणि पोसली गेली काय? आत्म्याची कसोटी अशी : याच्या अभावी रचना राहिली तरी ती सजीव राहते काय?

‘छंद हे मराठी काव्याचे मूलभूत तत्त्व आहे’ हे विधान या कसोट्यांवर तपासता येईल. मुळाच्या कसोटीवर ते पुष्कळ अंशी टिकते. जात्यावरची ओवी, ग्रांथिक ओवी आणि अभंग यांतून मराठी काव्यपरंपरा वाढली, हा इतिहास आहे. पायाच्या कसोटीवर ते टिकत नाही. कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केल्यानंतर आणि पुढील पिढ्यांनी गद्यप्राय रचना स्वीकारल्यानंतरही काव्य उभे राहिले आहे. आत्म्याच्या कसोटीवर वाद संभवतो. छंद नसला तरी लय आवश्यक आहे काय, हा प्रश्न तेथून सुरू होतो. म्हणजे एकाच विधानाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही परस्परविरोधी नाहीत. मुक्तछंदाच्या समर्थक व विरोधकांच्या युक्तिवादांचे वाचन या दृष्टीने केल्यास, एक पक्ष उगमाविषयी आणि दुसरा आधाराविषयी बोलत आहे काय, हे पडताळून पाहता येते. दोघेही ‘मूलभूत’ हाच शब्द वापरीत असल्यास मतभेद खरा किती आणि शाब्दिक किती, हे एरवी ठरविता येत नाही.

प्रबंधलेखनातही हीच सावधगिरी उपयुक्त आहे. ‘कथानक हा कादंबरीचा मूलभूत घटक आहे’ असे लिहिणाऱ्या अभ्यासकाला तीनपैकी कोणता दावा करावयाचा आहे, हे त्याच्या पुढील वाक्यातून स्पष्ट झाले पाहिजे. ते होत नसेल, तर ‘महत्त्वाचा’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून पर्यायांची व्यवस्था पुढीलप्रमाणे सुचविता येईल. अवलंबन दाखवावयाचे असता ‘पायाभूत’ किंवा ‘आधारभूत’. उगम दाखवावयाचा असता ‘मूळ’ किंवा ‘आद्य’. सत्त्व दाखवावयाचे असता ‘सारभूत’ किंवा ‘गाभ्याचे’. शिक्षणक्रमातील पहिली पायरी दाखवावयाची असता ‘प्राथमिक’ किंवा ‘प्रारंभिक’. मुळापर्यंत जाणाऱ्या परिवर्तनासाठी ‘मूलगामी’. ‘मूलभूत हक्क’, ‘मूलभूत कर्तव्ये’, ‘मूलभूत संशोधन’ यांसारख्या स्थिर झालेल्या संज्ञांत फेरफार करण्याचे प्रयोजन नाही. संज्ञेचे स्थैर्य हेही एक मूल्य आहे. मात्र स्वतंत्र वैचारिक गद्यात ‘मूलभूत’ हे विशेषण योजणाऱ्याने कशासाठी मूलभूत आणि कोणत्या अर्थाने मूलभूत, या दोन प्रश्नांची उत्तरे वाक्यात किंवा परिच्छेदात दिली, तर वाचकाला त्या विधानाशी सहमत होण्याची किंवा त्याचे खंडन करण्याची निश्चित जागा मिळेल.